पंख्याशेजारचं सॉकेट

ती गेली, ते टेलरमास्तरांना पार्किंगच्या रखवालदाराकडून कळलं.

मास्तर तेव्हा हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसले होते. वर बायकोच्या वॉर्डात मोबाइल चार्ज करायला जागा नव्हती. प्रत्येक प्लगला कुणाच्या ना कुणाच्या नातेवाइकाचा फोन लोंबत होता, म्हणून ते खाली आले होते. गाडीत सॉकेट होतं एकच, आणि त्यात तिचा निळा पंखा लावलेला होता. हा पंखा म्हणजे नवरा-बायकोतला जुना तंटा. बाकी कशालाही हात लावा, पंख्याला लावायचा नाही, असा तिचा नियम होता. मास्तरांनी कधी चोरून पंखा उपटून फोन लावलाच, तर ती म्हणायची, "अहो, फोनला घाम येत नाही. मला येतो." त्या दिवशीही मास्तरांनी पंखा काढला नाही. ती बरी होऊन खाली येणार, पंखा जागेवर नसला की तोंड सोडणार, त्यापेक्षा फोन मेलेला बरा. असं ठरवून ते मेलेला फोन मांडीवर घेऊन बसून राहिले.

रखवालदाराने काचेवर टकटक केली.

"तुम्हीच का ते टेलर? वर तुम्हाला शोधतायत. तुमचा फोन लागत नाही म्हणे." मग तो जरा घुटमळला. "तुमच्या बाई गेल्या, काका." आणि मग, त्या बिचाऱ्याची नोकरीच ती, "जरा गाडी मागं घेता का? अँब्युलन्सला वळायला जागा नाही."

मास्तरांनी आधी गाडी मागे घेतली. नीट, रेषेच्या आत. काच वर केली, गाडीला कुलूप लावलं आणि मग ते वर गेले.

त्यांची बायको लोकांना मोटार चालवायला शिकवायची. मास्तर म्हणत लोक यांना, पण घरात शिकवायचं काम तिचं. शिकवायच्या गाडीत असतो तसा तिच्याही गाडीत शेजारच्या सीटसमोर एक जादा ब्रेक होता. चालवणाऱ्याच्या ब्रेकला तो सळईने जोडलेला. इकडून दाबला की तिकडचाही खाली जाई. त्या ब्रेकच्या जोरावर तिने कितीतरी कुत्री, सायकलवाले आणि एकदा तर अख्खं बँडपथक वाचवलं होतं. सगळे तिला ब्रेकवाली बाई म्हणत. मास्तरांनाही तिनेच शिकवलं. लायसन्स मिळाल्यावरसुद्धा गाडी मास्तर चालवायचे आणि थांबवायची ती. संसारही साधारण तसाच चालला होता.

पंख्याचं बटण कधीचंच तुटलेलं होतं. गाडीची किल्ली फिरवली की पंखा सुरू, किल्ली बंद की पंखा बंद. त्याचं तोंड तिच्या सीटकडे. आता ती नव्हती, थंडीही पडली होती, तरी तो खर्रखर्र करत रिकाम्या सीटला वारा घालायचा आणि मास्तर मफलर गुंडाळून गाडी चालवायचे.

अशात लेकीचे दिवस भरत आले. ती राहायची लांबच्या शहरात. रोज फोनवर बजावायची, "बाबा, मोबाइल जिवंत ठेवा. कधीही निरोप येईल."

मास्तरांचा मोबाइल म्हणजे गळकी बादली. घरी काठोकाठ भरून निघावं तर चौकात पोचेपर्यंत तळ दिसायचा. जावयाने एक पॉवर बँक पाठवली होती. ती मास्तरांच्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, एका दिवसासाठी मागून नेली. हा मेहुणा प्लंबर. एका गच्चीवरच्या टाकीत वाकून बघताना त्याच्या खिशातून त्याचा मोबाइल आणि ती पॉवर बँक, दोघांनी जोडीने जलसमाधी घेतली. म्हणजे मास्तर आणि मेहुणा मिळून जिवंत फोन एकच उरला, तोही अर्धमेला.

मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं. एक निरोप हुकला. दुसरा हुकवायचा नाही.

आता यावर कुणीही म्हणेल, मग पंखा काढा आणि तिथे फोन लावा. पण मास्तरांना तसं कुणी म्हटलं नाही आणि त्यांनीही स्वतःला म्हटलं नाही. ते गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले.

"एकाचे दोन करणारा प्लग देतो की," दुकानदार म्हणाला. "आहे त्या सॉकेटात खुपसायचा, दोन्ही चालतील."

"म्हणजे आहे ते काढावं लागेल?"

"क्षणभर, काका."

"क्षणभर म्हणजे काढावं लागेलच ना," मास्तर म्हणाले. "वेगळं द्या. स्विचवालं."

घरी येऊन पुडकं उघडतात तोच मेहुणा पिशवी घेऊन हजर. या माणसाला दुसऱ्याचं काम दिसलं की राहवत नसे.

"भाऊजी, तुम्ही काळजीच करू नका. वीज म्हणजे काय? पाणीच. तार म्हणजे पाइप, स्विच म्हणजे तोटी, फ्यूज म्हणजे व्हॉल्व्ह."

"आणि शॉक?"

"ती गळती."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून आधी गाडीचं माप घेतलं. सवयच ती. स्टिअरिंगखालून पंख्याच्या बाजूपर्यंत टेप लावून त्यांनी तार मोजली, दोन बोटं मार्जिन सोडलं आणि मोठ्या कात्रीने कापली. डॅशबोर्डवर खडूने गोल आखला. भोक पाडायचा मान मेहुण्याने घेतला. त्याच्याकडे पाण्याच्या टाकीला भोक पाडायचं यंत्र होतं. त्याने ते लावलं, आणि भोक असं पडलं की सॉकेट त्यातून थेट आत गडप झालं.

"जरा ढगळ झालं," मेहुणा म्हणाला.

"जरा? यातून तू स्वतः आत जाशील."

पण मास्तर काही कच्चे नव्हते. ढगळ कपडा आत घ्यायचा कसा, यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी चामड्याचा तुकडा कापला, भोकाच्या कडेने बारीक छिद्रं पाडली आणि भोकाला चक्क काज केलं. टाक्याला टाका लागून. त्या काजात सॉकेट गळाबंद कोटाच्या बटणासारखं बसलं.

"क्या बात है," मेहुणा म्हणाला. "आता गाडी धुवायची की ड्राय क्लीनला द्यायची?"

मग आलं खरं काम. पुडक्यातल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की किल्ली चालू केल्यावर जिच्यात वीज येते आणि किल्ली बंद केल्यावर जाते अशी तार शोधा आणि तिच्यावर जोड घ्या. मास्तर उताणे होऊन स्टिअरिंगच्या खाली शिरले. तोंडात टॉर्च, हातात टेस्टरचा दिवा. मेहुणा शेजारच्या सीटवर बसला. किल्ली फिरवायचं काम त्याच्याकडे.

"चालू कर," मास्तर टॉर्चसकट बोलले, ते 'आऊ अअ' असं ऐकू आलं, पण मेहुण्याला कळलं. तो वाकून, अर्धा उठून, स्टिअरिंगपर्यंत पोचला, किल्ली फिरवली आणि परत आपल्या सीटवर टेकला. मास्तरांनी एका तारेला टेस्टर लावला होता. दिवा क्षणभर थांबला आणि मग लागला.

"लागला! पण जरा दमाने लागला रे."

"गाडी जुनी आहे, भाऊजी. वरच्या मजल्यावर पाणी चढायला वेळ लागतो की नाही?"

"आता बंद कर."

मेहुणा पुन्हा वाकला, अर्धा उठला, किल्ली बंद केली. दिवा गेला.

"चालू."

वाकला, फिरवली, टेकला. दिवा लागला.

"बंद."

गेला.

"हीच ती!" मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड काजळीने भरलं होतं आणि डोळे चमकत होते. बायको गेल्यापासून मेहुण्याने ते तसे पाहिले नव्हते. त्यामुळे त्याने काजळीचं काही सांगितलं नाही.

जोड मास्तरांनी पिळला. झिरपायला नको म्हणून मेहुण्याने त्यावर नळाची पांढरी टेप गुंडाळली. मास्तरांनी त्यावर काळी टेप लावली, वरून कापडाची पट्टी घेतली आणि ती हेमिंग करून टाकली. दोघे आपापल्या सीटवर बसले. किल्ली फिरवली, स्विच दाबला. स्विचमधला लाल दिवा लागला. फोन लावला. फोन ट्यूंग म्हणाला आणि चार्ज व्हायला लागला. शेजारी निळा पंखा खर्रखर्र फिरत होता, त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

"पंखा आणि फोन शेजारी-शेजारी," मास्तर म्हणाले. "तंटा मिटला."

"ताईने आधीच मला सांगितलं असतं, तर कधीच मिटवून दिला असता."

"तुला सांगितलं नाही म्हणून तर मिटवण्याजोगा राहिला."

त्यानंतर लवकरच एका दुपारी जावयाचा फोन आला. "बाबा, तिला आत नेलंय. तुम्ही निघा. पुढचं काय ते मी फोन करून कळवतो."

मास्तर शिलाईमशीनवरून उठले ते तसेच गाडीत. मेहुणा वाटेत गाडीसमोरच उभा राहिला, त्यामुळे त्यालाही घेणं भाग पडलं. पण घेताना मास्तरांनी एक अट घातली.

"त्या ब्रेकला पाय लावायचा नाही. परवा कागदाच्या पिशवीसाठी ब्रेक मारलास, माझं कपाळ अजून दुखतंय."

"मला वाटलं, ससा आहे."

"ससा असो, हत्ती असो. मांडी घालून बस."

मेहुणा सीटवर मांडी घालून बसला. पंख्याचा वारा थेट त्याच्या तोंडावर. गाव मागे पडेपर्यंत त्याला शिंका सुरू झाल्या. त्याने मास्तरांच्या मफलरचं एक टोक मागून घेतलं आणि नाकाला लावलं. असे दोघे एका मफलरात बांधले जाऊन मोठ्या रस्त्याला लागले.

मास्तरांनी स्विच दाबला. लाल दिवा लागला नाही.

पुन्हा दाबला. नाही.

"तोटी उघडी आहे," मेहुणा म्हणाला. "पाणी नाही."

"ते मलाही दिसतंय. फोन बघ किती उरलाय."

मेहुण्याने फोन बघितला आणि हळूच खाली ठेवला. "आहे. थोडा आहे. म्हणजे, असून नसल्यासारखा."

मास्तरांचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. तेवढ्यात समोर शेळी आली. मेहुण्याची मांडी कधी सुटली आणि पाय कधी ब्रेकवर पडला, हे त्यालाही कळलं नाही. मास्तरांचं कपाळ जिथे आधी लागलं होतं तिथेच लागलं. शेळी निघून गेली. आणि फोन म्हणाला, ट्यूंग.

"भाऊजी! शेळीला बघून चार्ज झाला!"

"मांडी घाल!"

थोडं पुढे गतिरोधक आला. मास्तरांनी स्वतः ब्रेक दाबला. ट्यूंग. गतिरोधक संपला, दिवा गेला.

"कळलं," मेहुणा म्हणाला. "पाइपात हवा अडकलीय. धक्का बसला की सुटते." आणि त्याने डॅशबोर्डवर दोन गुद्दे हाणले. दिवा लागला नाही, पंखा मात्र आणखी मोठ्याने खर्रखर्र करायला लागला.

पुढे रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. मास्तर ब्रेकवर पाय ठेवून थांबले. लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. दोघांनी त्याच्याकडे बघितलं. आगगाडी धडधडत गेली. फाटक उघडलं. मास्तरांनी पाय उचलला. दिवा गेला. पाय ठेवला, लागला. मागून हॉर्न वाजायला लागले, तरी ते तिथेच बसून पाय उचलत आणि ठेवत होते.

"मी त्या दिवशी खाली झोपलो होतो," ते सावकाश म्हणाले, "तेव्हा तुझा पाय कुठे होता?"

"कुठे म्हणजे? ब्रेकवर. ताईनेच शिकवलंय, गाडीत बसलं की पाय ब्रेकवर. उभ्या गाडीतसुद्धा."

"आणि किल्लीसाठी वाकायचास तेव्हा?"

मेहुण्याने आठवायचा प्रयत्न केला. त्याने जागच्या जागी अर्धं उठून बघितलं, वाकून बघितलं आणि मग आपल्या पायाकडे बघितलं. पाय हवेत होता.

"अरे देवा."

"मागच्या ब्रेकच्या दिव्याची तार आहे ती, मेहुणेबुवा. ब्रेक दाबला तरच तिच्यात वीज. नुसत्या किल्लीने ती येत नाही. तुझ्या पायाचा संबंध आहे."

"पण काज छान झालंय," मेहुणा म्हणाला.

फोन आता शेवटच्या घटका मोजत होता. जावयाचा निरोप अजून यायचा होता. मेहुण्याचा हात उठला आणि पंख्याकडे गेला. पंख्याच्या प्लगपर्यंत गेला. मास्तर समोर बघत गाडी चालवत राहिले. फक्त गाडी जरा हळू झाली.

मेहुण्याने हात मागे घेतला आणि नाक पुसलं. मग मांडी सोडली, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि उघडा पाय ताईच्या ब्रेकवर ठेवला.

"अगदी अलगद ठेवतो. वीज येईल, पण गाडी थांबणार नाही."

ट्यूंग.

बोलायला ठीक होतं ते. गाडी निघाली ती वधूसारखी, एक पाऊल पुढे आणि अर्धं मागे. रस्त्यातला खड्डा बघून मेहुण्याचा पाय आपोआप जड व्हायचा, मास्तरांचं कपाळ पुढे जायचं. मागचे लाल दिवे अखंड पेटलेले. मोटारसायकलवाले शेजारी येऊन ओरडून सांगायचे, "काका, ब्रेक सोडा, ब्रेक!" आणि मास्तर काच खाली करून ओरडायचे, "फोन चार्ज होतोय!" त्यावर एक जण इतका वेळ वळून बघत राहिला की तो स्वतःच कुंपणात जायचा वाचला. मग चाकांतून जळकट वास यायला लागला.

"भाऊजी, इस्त्री लागलीय कुठेतरी."

मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. "चालता चालता नको. थांबून दाबू."

तर अशी ती दोन माणसं उभ्या गाडीत ब्रेक दाबून बसली. मेहुण्याच्या पोटरीत गोळा आला की मास्तर आपल्या बाजूचा दाबायचे, मास्तरांचा पाय भरून आला की मेहुणा. दोघांच्या मध्ये पंखा. थंडीने मेहुण्याचे दात वाजत होते.

"ताई असती तर काय म्हणाली असती?"

"म्हणाली असती, दोघांना मिळून एक गाडी थांबवता येते, हेही नसे थोडके."

मेहुणा हसला आणि हसताना शिंकला. शिंकल्यावर त्याने पंख्याला हात जोडले. "बाई, मेहेरबानी कर, जरा तिकडे बघ." पण वळवला नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन वाजला. मास्तरांच्या हातून तो एकदा निसटला, सीटखाली गेला, वायरीला धरून वर आला.

फोनवर जावई नव्हता. लेक होती. आवाज थकलेला, पण तिचाच.

"बाबा, मुलगी झाली. दोघी ठीक आहोत. तुम्ही कुठे आहात?"

"मुलगी झाली," मास्तर म्हणाले.

"मुलगी झाली!" मेहुणा ओरडला, दार उघडून रस्त्यावर उतरला आणि अनवाणी नाचायला लागला. लाल दिवा गेला. फोनने मरणाची घंटा दिली.

"ब्रेक!" मास्तर ओरडले, आणि स्वतःच दोन्ही पायांनी आपला ब्रेक दाबून धरला. दिवा आला. "बोल, बाळ. बोल तू. मी आहे."

"ब्रेक काय? गाडी चालवताय का?"

"नाही. थांबलोय. ब्रेक दाबला तरच फोन चालतो."

मग ती म्हणाली, "बाबा, पंखा काढून तिथे फोन लावायचा ना."

मास्तरांनी पंख्याकडे बघितलं. तो रिकाम्या सीटला वारा घालत होता.

"तो तुझ्या आईचा आहे," ते म्हणाले.

लेकीने नाक ओढलं. "बरं. मग मामाला सांगा, पाय घट्ट धरून ठेव म्हणावं. आणि तुम्ही सावकाश या." पाठोपाठ कुणीतरी फोनजवळ बाळ आणलं असावं, कारण एक बारीक, रागावलेला आवाज यायला लागला. मास्तर दोन्ही पाय ब्रेकवर रोवून तो ऐकत राहिले. मेहुणा काचेतून आत बघत उभा होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं, तरी तो मान डोलावत होता.

ते पोचले तेव्हा अंधार पडायला आला होता. मास्तरांचे पाय असे आखडले होते की पायऱ्या चढायला मेहुण्याला हात द्यावा लागला. नातीने आजोबांकडे एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला.

परत आल्यावर गॅरेजवाल्याने सांगितलं, की जोड तिथून सोडवायचा आणि शेजारच्या तारेवर घ्यायचा, चहा होईपर्यंतचं काम. काज बघून त्याने मास्तरांकडे पँट शिवायला टाकली. मेहुणा हल्ली मास्तर कुठेही निघाले की न विचारता गाडीत येऊन बसतो, फोन चार्ज करायला माणूस लागतो म्हणून.

तार अजून बदललेली नाही. पंखाही अजून काढलेला नाही.